लिलीचे कंद बांधावर फुकट पडलेत, मग तुम्ही दीड लाख कशाला देताय?

सुगंधी स्पायडर लिलीवरचा आपला व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. कुंडी कशी भरायची, कंद किती खोल लावायचा, हे सगळं त्यात आहे. व्हिडिओत वेळ कमी असतो, म्हणून एक गोष्ट राहून गेली. खरं तर तीच जास्त महत्त्वाची आहे. आज ती लिहिते.

मे महिन्यात मला पालघर जिल्ह्यातल्या एका मुलाचा फोन आला. वय असेल बावीस-तेवीस. म्हणाला, "ताई, एक योजना आलीय. एकरी दहा हजार लिलीचे कंद देतात. सोळा रुपयाला एक. दोन वर्षांनी एका कंदाची पाच-सहा पिल्लं होतात, त्यातली पाच ते आठ रुपये दराने परत घेतात. स्टॅम्प पेपरवर लिहून देतात. शुक्रवारपर्यंत पैसे भरायचेत. भरू का?"

मी हिशेब मांडला. दहा हजार कंद गुणिले सोळा, म्हणजे एक लाख साठ हजार. परत मिळणार पन्नास हजार कंद गुणिले आठ, म्हणजे चार लाख. दोन वर्षांत पैसे अडीचपट. कागदावर फारच छान दिसतं. पैसे कुठून आणणार विचारलं, तर म्हणाला, "आईचं सोनं तारण ठेवतोय."

मग मी त्याला एकच प्रश्न विचारला. "तुमच्या आसपास कुणी लिली लावलीय का रे?"

"आहे की ताई. बाजूच्या पाड्यावर दोघांची आहे. कळ्या दादरला जातात."

"मग ते लोक जुने गड्डे उपटून विरळणी करतात, तेव्हा जास्तीच्या पिल्लांचं काय करतात?"

तो जरा थांबला. मग हळूच म्हणाला, "बांधावर टाकून देतात."

आज मला याच वाक्यावर बोलायचंय.

जे आपोआप वाढतं, ते महाग राहत नाही

माझं मत सरळ आहे आणि मी ते ठामपणे मांडते. ज्या वस्तूची घरबसल्या पिल्लं होतात, त्या वस्तूच्या किमतीवर धंदा उभा करू नका. लिलीचा धंदा करा, जरूर करा. पण कंद महाग विकला जाईल या आशेवर करू नका.

का ते समजून घ्या. आपल्याकडे जिला बाजारात नुसतं 'लिली' म्हणतात, ती पांढरी, पातळ लांब पाकळ्यांची, मधे नाजूक वाटीसारखा पडदा असलेली. तिचं शास्त्रीय नाव हायमेनोकॅलिस. मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली, कॅरिबियन बेटं, मेक्सिको त्या बाजूची. उष्ण, दमट हवा तिला मानवते. थंड देशांत हिवाळ्याआधी तिचे कंद उकरून घरात ठेवावे लागतात. आपल्या कोकणात तसली काही कटकट नाही. बारा महिने हिरवी राहते, पाण्याचा निचरा थोडा कमी असला तरी तग धरते, आणि जमिनीखाली गुपचूप पिल्लं घालत राहते. दोन-तीन वर्षांत एका कंदाचा गड्डा होतो.

शेतकऱ्यासाठी हा तिचा मोठा गुण आहे. कंद विकणाऱ्यासाठी मात्र हीच अडचण आहे. कारण तुम्ही ज्याला आज कंद विकला, तो दोन वर्षांनी तुमचा गिऱ्हाईक राहत नाही. तो तुमच्यासारखाच विक्रेता होतो.

आता त्या योजनेचं गणित पुढे नेऊ. कंपनी आठ रुपयांना घेणार आणि सोळाला विकणार, बरोबर? पण कुणाला? दादरला कळ्या विकत घेणारा माणूस कंद घेत नाही. देवाला हार घालणारा कंद घेत नाही. कंद घेणार फक्त नवा लागवड करणारा. म्हणजे एका एकरातून निघालेले पन्नास हजार कंद खपवायला पाच नवे एकर पाहिजेत. समजा आज शंभर एकर लागवड आहे. दोन वर्षांनी पाचशे एकर नवे शेतकरी लागतील. चार वर्षांनी अडीच हजार. सहा वर्षांनी साडेबारा हजार. आठ वर्षांनी साडेबासष्ट हजार एकर. एवढ्या लिलीच्या कळ्यांचे हार घालायला देव कुठून आणायचे?

हे काही पहिल्यांदा घडत नाहीये. २००० नंतरच्या वर्षांत सफेद मुसळीचं असंच झालं. मुळ्या महाग विकल्या गेल्या, परत घेण्याची आश्वासनं दिली गेली. मग इमू आले, २०१२ च्या आसपास ते कोसळले. मग कडकनाथ कोंबड्या आल्या, २०१९ मध्ये त्या प्रकरणात कितीतरी शेतकरी आणि तरुण पोळले. प्राणी बदलले, पीक बदललं, पण ढाचा तोच. पिल्लं द्यायची, पिल्लं परत घ्यायचं वचन द्यायचं, आणि शेवटच्या गिऱ्हाइकाचं नावच घ्यायचं नाही.

म्हणून त्या मुलाला मी सांगितलं, "पैसे भरायच्या आधी एजंटला एकच गोष्ट विचार. मागच्या वर्षी परत घेतलेले कंद तुम्ही कुणाला विकले?"

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "ताई, तो म्हणाला, पुढच्या शेतकऱ्यांना."

बस्स. मला आणखी काही सांगायची गरजच पडली नाही.

माझी स्वतःची चूक

तुम्हाला वाटेल, ताई दुसऱ्यांना शहाणपण शिकवतेय. तर ऐका. बीबीए झाल्यावर कुंड्या-खतांचं दुकान टाकलं, तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात मी एका व्यापाऱ्याकडून चारशे लिलीचे कंद घेतले. वर्गात 'इन्व्हेंटरी मॅनेजमेंट' शिकले होते ना, म्हणून घाऊक घेतले. कंद आले प्लॅस्टिकच्या गोणीत, तोंड बांधलेले. मी गोणी तशीच दुकानाच्या मागे ठेवली. आठ दिवसांनी उघडली तर वासच आला. शंभरावर कंद बुडाशी कुजले होते.

उरलेले मी 'सुगंधी लिली' अशी पाटी लावून विकले. महिन्या-दोन महिन्यांनी एक काकू आल्या. म्हणाल्या, "अगं, फूल आलं, छान आहे, पण वास कुठाय? तू तर सुगंधी म्हणाली होतीस." मी गप्प. मलाच माहीत नव्हतं! मी ते फूल सकाळी दहाला हुंगून बघितलं होतं आणि मलाही फारसा वास आला नव्हता. तरी पाटी लावली होती.

नंतर कळलं की हे फूल संध्याकाळी उमलतं आणि त्याचा खरा वास रात्री सुटतो. रात्री फिरणाऱ्या पतंगांसाठी असतो तो. मी काकूंना फोन केला, "आज रात्री आठला गॅलरीत जा आणि सांगा." साडेआठला त्यांचाच फोन आला. "अगं, व्हॅनिला आइस्क्रीमसारखा वास येतोय!"

पण सगळ्यांची गोष्ट अशी गोड झाली नाही. त्या मालात काही कंद वेगळेच निघाले. सुदर्शनचे होते. पानं मोठी, फूल वेगळं, मधली वाटी नाहीच. मी ज्यांना ज्यांना विकले होते, त्यांची नावं वहीत होती, म्हणून निदान पैसे परत करता आले. त्या हंगामात लिलीत मला तोटाच झाला. पण त्यातले बरेच लोक आजही माझे गिऱ्हाईक आहेत. तोटा कंदात झाला आणि कमाई विश्वासात झाली, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. आता वाटतं, ते नुसतं समजावणं नव्हतं, खरंच तसं होतं.

कंद विकत घेताना एवढं बघाच

आता कामाचं. तुम्ही वीस कंद घ्या नाहीतर दोनशे, ह्या गोष्टी तपासा.

१. नाव नीट विचारा. इंटरनेटवर 'स्पायडर लिली' म्हणून लाल रंगाची फुलं दिसतात, जपानी कार्टूनमुळे तरुण मुलांना ती फार आवडतात. ती वेगळी वनस्पती आहे, लायकोरिस. चीन, जपान, कोरियाकडची. तिला वास नाही, आणि आपल्या कोकणासारख्या सतत उष्ण हवेत ती नीट फुलण्याची खात्री नाही. बाजारात 'लिलियम' म्हणतात ती बुकेवाली मोठी फुलंही वेगळीच. तुम्हाला पांढरी, वाटीवाली पाहिजे. शक्यतो फुलावर असलेल्या झाडाचाच कंद घ्या.

२. बुडखा दाबून बघा. कंद टणक पाहिजे. बुडाशी मऊ लागला किंवा आंबूस वास आला तर घेऊ नका.

३. प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका. गोणपाट, जाळीची पिशवी किंवा टोपली. सावलीत, हवेशीर. आणि फार दिवस ठेवूही नका. ही बारमाही हिरवी जात आहे, मुळं सुकायच्या आत मातीत गेलेली बरी. जेवढे लावता किंवा विकता येतील तेवढेच आणा.

४. कांद्याजवळ ठेवू नका. ही चेष्टा नाही. कंद कांद्यासारखा दिसतो आणि तो विषारी असतो. त्यात लायकोरिन नावाचं द्रव्य असतं, पोटात गेलं तर उलट्या होतात. लहान मुलं, कुत्री-मांजरं, गुरं यांच्यापासून लांब. आणि विकताना गिऱ्हाइकालाही सांगा. माझ्या दुकानात प्रत्येक पिशवीवर 'खाण्यासाठी नाही' अशी चिठ्ठी असते.

लावायचं कसं ते थोडक्यात. बारा इंची कुंडी, माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत. कंदाची मान मातीच्या पातळीला राहील एवढा खोल. पाच-सहा तास ऊन. पावसाच्या सुरुवातीला लावलेलं उत्तम. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यातल्या उन्हात दुपारची सावली आणि नियमित पाणी द्या. मोठा कंद त्याच हंगामात फुलू शकतो, लहान पिल्लाला वेळ लागतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. पावसाळ्यात काळ्या अंगावर पांढरे-तांबडे ठिपके असलेल्या अळ्या येतात, दोन दिवसांत पानं फस्त करतात. रोज सकाळी पानाखाली बघा, हाताने वेचा. दहा-वीस कुंड्यांना औषधाची गरज पडत नाही, डोळ्यांची पडते.

मग पैसे कुठे आहेत?

"ताई, कंद विकायचा नाही, तर विकायचं काय?" बरोबर प्रश्न. उत्तर: तुमची मेहनत, तुमची वेळ आणि तुमची खात्री. बांधावर फुकट न मिळणारी गोष्ट तीच आहे. मला तीन रस्ते दिसतात.

पहिला: कळीवर आलेली कुंडी. शहरातल्या माणसाला कंद नको असतो, त्याला आज संध्याकाळी फुलणारं झाड हवं असतं. हिशेब करू. आकडे समजायला घेतलेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. वीस कुंड्या. एका कुंडीमागे कंद १५, कुंडी ७०, माती-खत ३५, म्हणजे १२० रुपये. वीसचे २,४०० रुपये. चार झाडं फुकट गेली असं धरा, जातातच. उरलेल्या सोळा कुंड्या २५० ला विकल्या, तर ४,००० रुपये. हातात उरले १,६००.

खूश झालात? थांबा. रोज दहा मिनिटं पाणी, अळ्या बघणं. चार महिने, म्हणजे १२० दिवस. वीस तास झाले. तासाला ६० रुपये स्वतःची मजुरी धरा, १,२०० गेले. खरा नफा ४०० रुपये आणि चार रिकाम्या कुंड्या. बहुतेक व्हिडिओंमध्ये 'नफा १,६००' सांगून थांबतात. मी तुम्हाला ४०० सांगते, कारण तुम्ही तुमच्या धंद्यात नोकर पण आहात आणि मालक पण. नोकराचा पगार दिल्यावर मालकाकडे काय उरतं, तेच बघायचं.

पण पुढच्या खेपेला कंद घरचे असतील, त्यात वीस कुंड्यांमागे ३०० रुपये वाचतील. अनुभव आल्यावर झाडं कमी मरतील. आणि एक युक्ती सांगते, हीच माझ्या दुकानात सगळ्यात जास्त चालली. लिली सकाळी विकू नका. संध्याकाळी साडेसहा ते नऊ विका. उमललेलं फूल दारात ठेवा, शेजारी कळीवरच्या कुंड्या. वासच गिऱ्हाईक थांबवतो. हीच कुंडी सकाळी दहाला ठेवली तर लोक नुसतं बघून पुढे जातात. माल तोच, भाव तोच, फक्त वेळ बदलली.

दुसरा: कळ्या. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांच्यासाठी. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दोन बाय दोन फुटांवर लावलं तर साधारण २७० झाडं बसतात. पालघर, ठाण्याकडे आणि तिकडे दक्षिण गुजरातेत लोक वर्षानुवर्षं ही शेती करतात. पण लक्षात घ्या, कळी उमलायच्या आत काढावी लागते आणि त्याच दिवशी बाजार गाठावा लागतो. उमललेलं फूल दुसऱ्या दिवशी मान टाकतं. म्हणजे रोज तोडणी, रोज जुड्या, रोज वाहतूक. घरी पाहुणे आले, ताप आला, गाडी चुकली, तरी फूल थांबत नाही. एका गुंठ्याच्या कळ्या घेऊन रोज दादर गाठणं परवडत नाही. त्यापेक्षा आपल्याच गावातल्या दोन हारवाल्या मावशी आणि एक देऊळ ठरवा. गणपती, नवरात्र, दिवाळीत भाव चढतो. मधल्या दिवसांत उतरतो. वर्षाची सरासरी काढा, गणपतीच्या आठवड्याचा भाव धरून बारा महिन्यांचं स्वप्न बघू नका.

तिसरा: लावून देण्याचं काम. सोसायटीच्या कंपाउंडलगत, देवळाच्या आवारात, शाळेच्या कडेला पाणी साचतं, तिथे बाकीची झाडं कुजतात. लिली तग धरते. तुम्ही कंद, खत, लावणी आणि पहिले तीन महिने देखभाल असा एकत्र दर द्या. इथे तुम्ही कंद विकत नाही, जबाबदारी विकता. शाळेत किंवा लहान मुलं खेळतात तिथे लावताना विषारीपणाचा मुद्दा लेखी सांगा, आणि त्यांनी नको म्हटलं तर तो ऑर्डर सोडा. आज गेलेल्या ऑर्डरपेक्षा उद्या आलेली तक्रार जास्त महाग पडते.

'पण ताई, मोठा विचार करायला नको का?'

हा आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो. 'वीस कुंड्यांनी काय होणार? रिस्क घेतल्याशिवाय माणूस मोठा होतो का?'

रिस्क घ्यावी, मीही घेतली. पण रिस्क आणि जुगार यात फरक आहे. रिस्कमध्ये तुम्हाला माहीत असतं, काय चुकू शकतं आणि चुकलं तर किती जाईल. वीस कुंड्यांत जास्तीत जास्त २,४०० रुपये जातील. त्या पैशात तुम्हाला कळेल की तुमच्याकडे कुठल्या महिन्यात फूल येतं, कोण विकत घेतं, किती देतं, आणि मुख्य म्हणजे तुम्हाला रोज सकाळी पानाखाली बघायचा कंटाळा येतो की नाही. ही माहिती कुठलाच एजंट तुम्हाला देणार नाही. आईचं सोनं ठेवून दहा हजार कंद घेतले, तर हेच सगळं शिकायला दीड लाख लागतील, आणि शिकून झाल्यावर परत सुरू करायला हातात काही उरणार नाही.

आणि आणखी एक. स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं म्हणजे पैसे मिळाले असं नाही. ज्याचं ऑफिस भाड्याचं आणि फोन नंबर दर वर्षी बदलणारा, त्याच्या सहीला तुम्ही कोर्टात किती वर्षं धरून बसणार?

तर त्या मुलाचं काय झालं?

शुक्रवारी त्याने पैसे भरले नाहीत. बाजूच्या पाड्यावरच्या काकांकडे गेला, त्यांनी एक गोणी कंद असेच दिले, वर चहा पाजला. त्याने घरामागे साधारण पाव गुंठा लावलाय. परवा फोन आला होता. काकांना रोज एकट्याने कळ्या घेऊन जाणं जड जातं, म्हणून त्यांच्या आणि आणखी एकाच्या कळ्या हाच आता गाडीवर घेऊन स्टेशनपर्यंत पोचवतो, जुडीमागे थोडे पैसे घेतो. स्वतःची लिली अजून फुलायचीय, पण लिलीत कमाई सुरू झाली. कंद न विकता, फूल न विकता.

आईचं सोनं घरातच आहे. तिने मला निरोप पाठवला की कधी आलात तर जेवूनच जा.

तुमचं काम सांगते आणि थांबते. या आठवड्यात तुमच्या घरापासून पाच किलोमीटरच्या आत लिली कुणाकडे आहे ते शोधा. हारवाल्या मावशींना विचारा, कळ्या कुठून येतात, कुठल्या महिन्यात कमी पडतात, त्या किती देतात. वहीत तीन ओळी लिहा. मगच कंद आणा, वीसच आणा. आणि कुणी 'आम्ही परत घेऊ' म्हणालं, तर तो एक प्रश्न विसरू नका: मागच्या वर्षीचे कुणाला विकले?

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर संध्याकाळी आठला गॅलरीत जाऊन बघा, शेजाऱ्यांची लिली फुलली असेल.